अनवस्थित चित्त आणि उदरनिर्वाह : प्रौढांतील अवधानन्यूनता व अनुरूप व्यवसायाचा विचार

निद्रानाश, अम्लपित्त, शिरःशूल, चिडचिड अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या तिशी-चाळिशीतील काही रुग्णांचा व्यवसायेतिहास बारकाईने विचारला असता एक गोष्ट वारंवार आढळते. आठ-दहा वर्षांत पाच-सहा नोकऱ्या झालेल्या असतात. प्रत्येक ठिकाणी पहिले काही महिने उत्साहाचे, पुढचे काही महिने ओढाताणीचे आणि शेवट वादाने वा कंटाळून झालेला असतो. रुग्ण बुद्धीने मंद नसतो. उलट बोलण्यात चपळ, कल्पक आणि अनेकदा मदतीस तत्पर असतो. ‘काम येत नाही असे नाही, पण कामाला बसवत नाही’ अशा आशयाचे वाक्य त्याच्या तोंडून निघते. घरचे त्याला आळशी म्हणतात, मालक बेजबाबदार म्हणतो आणि काही काळाने तो स्वतःही तसेच मानू लागतो.

अशा सर्वच व्यक्तींना विकार असतो असे नाही. परंतु त्यांतील काहींना ‘अवधानन्यूनता व अतिचंचलता विकार’, म्हणजे एडीएचडी या नावाने ओळखली जाणारी अवस्था बालपणापासून असते व ती कोणाच्या ध्यानात आलेली नसते. या विकाराच्या औषधोपचारावर बरेच लिहिले जाते. रुग्णाच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा प्रश्न, ‘मी कोणते काम करावे?’, हा मात्र चिकित्सकाकडून क्वचितच विचारात घेतला जातो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे. आपल्या वाचकांत वैद्य आहेत तसेच औषधी दुकानांचे व निर्माणशाळांचे मालकही आहेत. म्हणजे उपचार करणारे आणि काम देणारे, असे दोन्ही पक्ष येथे एकत्र आहेत.

विकाराचे स्वरूप

ही अवस्था आधुनिक जीवनाने निर्माण केली, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. स्कॉटिश वैद्यक अलेक्झांडर क्रिक्टन यांनी १७९८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लक्ष टिकवता न येण्याच्या जन्मजात अवस्थेचे वर्णन केले आहे. १९०२ साली लंडन येथे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा बालकांविषयी व्याख्याने दिली. तथापि विसाव्या शतकाचा बराच काळ हा विकार केवळ बालकांचा मानला गेला. वयात आल्यावर तो आपोआप जातो अशी धारणा होती. पुढील निरीक्षणांनी ती टिकली नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ सालच्या पाचव्या निदानसंहितेत प्रौढांसाठी निकष काहीसे सैल केले गेले. सतरा वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीत नऊपैकी पाच लक्षणे पुरेशी मानली गेली. मात्र काही लक्षणे बारा वर्षे वयापूर्वीपासून असली पाहिजेत ही अट ठेवली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहण्यांचा वीस देशांतील एकत्रित निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात प्रौढांतील प्रमाण सरासरी २.८ टक्के आढळले.

प्रौढ वयात बाह्य धावपळ बरीच ओसरते. उरते ती आतली अस्वस्थता, कामाचा आरंभ न होणे, आरंभलेले तडीस न जाणे, वेळेचा अंदाज चुकणे, वस्तू व भेटीच्या वेळा विसरणे, आणि विचार करण्यापूर्वीच बोलून वा निर्णय घेऊन मोकळे होणे. स्त्रियांत दंगेखोरपणापेक्षा अवधानाचा अभावच अधिक आढळतो. त्यामुळे शाळेत ती मुलगी ‘स्वप्नाळू पण शांत’ ठरते आणि निदान कित्येक वर्षे लांबते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून या विकारातील आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के मानला जातो. तेव्हा ‘आईवडिलांनी लाड केले म्हणून असे झाले’ या बोलण्यास आधार नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. या व्यक्तींना अवधान नसतेच असे नाही. त्यांना ते हवे तेव्हा हवे तेथे लावता येत नाही. आवडीच्या विषयात ते तासन्तास बुडून जातात आणि भूक-तहान विसरतात. म्हणूनच ‘सिनेमा पाहताना बरे लक्ष लागते!’ हा टोमणा त्यांना आयुष्यभर ऐकावा लागतो. वस्तुतः तो टोमणाच विकाराचे वर्णन आहे. महत्त्व कळूनही मन जागे होत नाही. ते जागे होते नावीन्याने, रुचीने, निकडीने आणि प्रत्यक्ष हालचालीने. व्यवसायाचा सारा विचार या एका सूत्राभोवती फिरतो.

आयुर्वेदीय दृष्टी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील विसाव्या अध्यायात वाताच्या ऐंशी नानात्मज विकारांची गणना आहे. तिच्या अखेरीस अस्वप्न आणि अनवस्थितचित्तत्व यांचा उल्लेख लागोपाठ येतो. चित्ताची अस्थिरता आणि निद्रेचा अभाव यांचे हे साहचर्य आजच्या रुग्णांतही वैद्यांच्या परिचयाचे आहे. विमानस्थानात वातप्रकृतीच्या पुरुषाचे वर्णन करताना चल व शीघ्र या गुणांमुळे कार्यारंभ त्वरित होणे, क्षोभ व भय त्वरित उत्पन्न होणे, आवड-नावड चटकन बदलणे, ऐकलेले लवकर ग्रहण होणे पण स्मृती अल्प असणे, हे सांगितले आहे. शारीरस्थानात मनाची कर्मे सांगताना इंद्रियांचे नियमन आणि मनाने स्वतःचा केलेला निग्रह यांचा निर्देश आहे. धी, धृती व स्मृती यांच्या विभ्रंशाचे विवेचनही त्याच अध्यायात आहे. अहिताकडे धावणाऱ्या मनाला आवरणारी ती धृती. आधुनिक मानसशास्त्र ज्याला आत्मनियमन म्हणते त्याच्याशी तिचे साम्य उघड आहे.

तथापि साम्य म्हणजे एकरूपता नव्हे. वातप्रकृती हा रोग नाही. ती प्रकृती आहे. प्रत्येक वातल पुरुषास हा विकार असतो असे नाही, आणि हा विकार असलेली प्रत्येक व्यक्ती वातल असते असेही नाही. ग्रंथातील संज्ञा उचलून आधुनिक निदानावर डकवण्याचा मोह टाळला पाहिजे. ग्रंथांपासून येथे घ्यावयाचे ते वेगळेच आहे : पुरुषाची परीक्षा करताना प्रकृती, सत्त्व, सात्म्य यांचा विचार करून त्याच्यासाठी हितकर काय ते ठरविण्याची रीत. आहार-विहारात सात्म्याचा विचार आपण नित्य करतो. मनुष्य दिवसाचे आठ-दहा तास ज्यात घालवतो ते कर्म मात्र सात्म्यविचारातून सुटते. ते सुटू नये.

काम आणि विकार यांचा संबंध

दहा देशांतील नोकरदारांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत सरासरी ३.५ टक्के कामकऱ्यांत हा विकार आढळला. तशाच अन्य कामकऱ्यांच्या तुलनेत त्यांचे वर्षाकाठी सुमारे २२ दिवसांइतके काम अधिक वाया जात होते. केवळ गैरहजेरीने नव्हे, तर हजर राहूनही काम कमी वा सदोष झाल्याने. उपचार मिळत असलेल्यांची संख्या मात्र अगदी अल्प होती.

याची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत ५७९ बालकांवर झालेल्या उपचारविषयक मोठ्या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष १९९९ साली आले. त्यांतील मुले तरुण झाल्यावर काहींच्या सविस्तर मुलाखती घेण्यात आल्या व त्यांवरील लेख २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात अनेक तरुणांनी सांगितले की त्यांची लक्षणे सर्वत्र सारखी नसतात. ती कामाच्या स्वरूपानुसार कमी-अधिक होतात. वेगाचे, आव्हानाचे, शारीरिक श्रमाचे, हातांनी करावयाचे, नित्य नवे काही समोर आणणारे आणि मनापासून आवडणारे काम असेल तेथे त्रास कमी वाटत असे. व्यक्ती तीच, विकार तोच. पण क्षेत्र बदलले की फळ बदलते. वैद्यास हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

प्रसिद्ध उदाहरणे पाहू. पॉल ऑर्फेलिया यांनी १९७० साली कॅलिफोर्नियात विद्यापीठाशेजारी छायाप्रतींचे लहानसे दुकान काढले व त्यातून ‘किंकोज’ हा मोठा व्यवसाय उभा राहिला. त्यांना वाचनाची अडचण होती आणि एका जागी बसवत नसे. म्हणून ते दुकानोदुकानी हिंडत, कोठे काय चांगले चालले आहे ते पाहत आणि इतरांना सांगत; कागदपत्रांचे काम त्यांनी दुसऱ्यांवर सोपवले. मल्याळी अभिनेते फहाद फासिल यांनी २०२४ साली, वयाच्या ४१व्या वर्षी आपणास या विकाराचे निदान झाल्याचे जाहीरपणे सांगितले. अशी उदाहरणे धीर देतात, पण त्यांवरून ‘हा विकार म्हणजे देणगीच’ असा निष्कर्ष काढू नये. यशस्वी झालेल्यांची नावे छापून येतात; नोकरी सुटलेल्यांची, कर्जात बुडालेल्यांची येत नाहीत. ऑर्फेलिया यांच्या उदाहरणातून घेण्याजोगा बोध एवढाच : त्यांनी स्वतःला टेबलाशी बांधून घेतले नाही आणि जे जमत नव्हते त्यासाठी जमणारी माणसे नेमली.

अनुरूप काम ओळखावे कसे?

अमुक विकाराला अमुक नोकरी, अशी यादी करता येत नाही. एकाला विक्रीचे काम मानवते, दुसऱ्याला तेच गर्दीमुळे असह्य होते. म्हणून व्यवसायाचे नाव न विचारता कामाची घडण विचारावी. रुग्णाशी बोलताना पुढील पाच प्रश्न उपयोगी पडतात.

पहिला, केलेल्या कामाचे फळ किती वेळात दिसते? सुतारकाम, स्वयंपाक, यंत्रदुरुस्ती, रुग्णसेवा यांत ते तत्काळ दिसते. सहा महिन्यांनी सादर करावयाच्या अहवालात ते दिसत नाही.

दुसरा, कामात शरीराची हालचाल आहे काय? दिवसभर खुर्चीत बसणे हीच अनेकांची मुख्य पीडा असते.

तिसरा, चौकट कोण घालून देते? या व्यक्तींना स्वातंत्र्य प्रिय असते, परंतु चौकटीविना त्या भरकटतात. दिवसाचे काम, त्याची वेळ आणि विचारणारा माणूस बाहेरून ठरलेला असावा. ते काम करण्याची रीत मात्र त्यांच्यावर सोपवलेली असावी.

चौथा, एका विसरण्याची किंमत किती? चूक लगेच ध्यानात येऊन सुधारता येत असेल तर चिंता नाही. एका चुकीने कोणाच्या जिवाला धोका असेल, तर दुसऱ्या माणसाची तपासणी असल्याखेरीज ते काम घेऊ नये. वाहन चालविण्याचे काम हालचालीमुळे आकर्षक वाटते. पण या विकारात अपघातांचे प्रमाण अधिक असते हे ध्यानात ठेवून, उपचार व निद्रा यांची घडी बसल्यावरच त्याचा विचार करावा.

पाचवा, ते काम आवडते काय, आणि ती आवड वर्षभर टिकलेली आहे काय? पहिल्या महिन्याचा उत्साह हा निकष होऊ शकत नाही.

रात्रपाळीविषयी स्वतंत्र सूचना आवश्यक आहे. अशा अनेकांना रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही, म्हणून रात्रीची पाळी त्यांना सोयीची वाटते. परंतु रात्रिजागरणाने रूक्षता वाढते हे आपले शास्त्र सांगते, आणि अपुऱ्या निद्रेने अवधान आणखी ढासळते हा रोजचा अनुभव आहे. पाळ्या दर आठवड्यास बदलत असतील तर ते काम शक्यतो नाकारावे.

तरुणांच्या बाबतीत एक प्रश्न विशेष गंभीर आहे. महाराष्ट्रातील असंख्य मुले-मुली पुण्यासारख्या शहरांत राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास वर्षानुवर्षे करतात. दिवसभर एका जागी बसून वाचन, बाहेरून कसलीही विचारणा नाही आणि फळ दोन-तीन वर्षांनी : अवधानन्यूनता असलेल्या तरुणासाठी याहून प्रतिकूल रचना कल्पिणे कठीण. अपयश आले की दोष बुद्धीला दिला जातो. असा तरुण निद्रानाश घेऊन वैद्याकडे आला तर केवळ निद्रेचे औषध देऊन न थांबता शाळेपासूनचा इतिहास विचारावा. त्या मुलाची पुढील दहा वर्षे या विचारण्यावर अवलंबून असू शकतात.

स्वतंत्र व्यवसायाकडे या व्यक्तींचा ओढा असतो. ग्राहक, धावपळ, नव्या कल्पना हे सारे त्यांस मानवते. दुकान बुडते ते बहुधा हिशेब, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, उधारीची वसुली आणि साठ्याची नोंद या चार ठिकाणी. घरगुती मसाले वा डबे पुरविणाऱ्या भगिनींचेही असेच होते. पदार्थ उत्तम, पण मागणीची वही अपुरी. म्हणून व्यवसायाच्या पहिल्याच दिवसापासून हिशेबासाठी दुसरी व्यक्ती नेमावी. तो खर्च भांडवलातच धरावा.

आपल्या दुकानांत आणि निर्माणशाळांत

आता मालकवर्गाकडे वळू. आपल्याकडेही असे कर्मचारी असतात. गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा, कोणती मात्रा कोठे ठेवली आहे हे अचूक सांगणारा, गर्दीच्या वेळी चौघांचे काम एकटा करणारा. आणि तोच मुदतबाह्य मालाची यादी तीन महिने लिहीत नाही. त्याला काढून टाकणे सोपे आहे. परंतु गर्दीच्या वेळचा तो माणूस पुन्हा मिळेलच असे नाही.

अशा कर्मचाऱ्याला दर्शनी फळीवरचे काम, पुरवठादारांकडे जाणे, कच्च्या द्रव्यांची खरेदी व प्रत्यक्ष निवड, वैद्यांच्या भेटी, ही कामे द्यावीत. निर्माणशाळेत अवलेह वा तैल सिद्ध करताना पाकाच्या लक्षणांकडे डोळे, नाक व हात लावून उभे राहावे लागते. हे काम प्रत्यक्ष, गतिमान आणि तत्काळ फळ देणारे असल्याने काहींना उत्तम साधते. याउलट औषधी नियमांच्या अनुसूची ‘टी’नुसार ठेवावयाच्या उत्पादनाच्या नोंदी त्याच्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नयेत. पाक त्याने पाहावा, नोंद त्याच वेळी शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याने करावी. औषध देताना नाव, मात्रा व अनुपान यांची फेरतपासणी दुसऱ्या व्यक्तीने करण्याची शिस्त खरे तर सर्वांसाठीच असावी. ती एकट्यासाठी लावली की अपमान होतो; सर्वांना लावली की दुकानाचा लौकिक वाढतो.

व्यवस्थेतील आणखी काही बदल अल्पखर्चाचे आहेत. तोंडी पाच कामे एकदम न सांगता फळ्यावर क्रमाने लिहावीत. ‘महिनाअखेर यादी द्या’ म्हणण्याऐवजी ‘रोज दुपारी एक कपाट तपासून मला दाखवा’ असे सांगावे. लेखी काम गर्दी नसलेल्या वेळी व शांत कोपऱ्यात द्यावे. मध्ये पाच मिनिटे उठून फिरण्यास मोकळीक असावी. चूक दाखवायची ती त्याच दिवशी, एकांतात आणि नेमकी. चारचौघांत जुने पाढे वाचू नयेत. हे दयेपोटी करावयाचे नाही. वेतन तेच, अपेक्षा तीच. फक्त कामाची मांडणी वेगळी. एवढे करूनही काम होत नसेल तर तसे स्पष्ट सांगण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे.

कायद्याची स्थितीही माहीत असावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारांचा समावेश करण्यात आला. त्यांत स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता व मानसिक आजार आहेत. अवधानन्यूनता मात्र स्वतंत्र नावाने नाही. त्यामुळे केवळ या निदानाच्या आधारे कर्मचाऱ्याला सवलत मागणे कठीण जाते आणि बरेचसे मालकाच्या समंजसपणावर राहते. निदान सांगावे की नाही हा निर्णय सर्वस्वी रुग्णाचा आहे. निदान न सांगताही ‘मला कामे लिहून दिलीत तर बरे होईल’ एवढे म्हणता येते, असे वैद्याने त्यास सुचवावे. वैद्याने स्वतः मालकाला कळविणे मात्र सर्वथा अनुचित होय; मालक आपला जुना स्नेही असला तरीही.

वैद्याचे कर्तव्य व मर्यादा

संशय आला म्हणजे निदान झाले, असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली अठरा प्रश्नांची प्रश्नावली उपलब्ध आहे. तिचे पहिले सहा प्रश्न प्राथमिक चाळणीसाठी पुरेसे असतात. चाळणीत अडकलेल्या रुग्णास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. तत्पूर्वी अवटू ग्रंथीचे विकार, झोपेत श्वास अडणे, पांडुरोग, मद्य व अन्य व्यसने यांचा विचार करावा. खिन्नता, चिंता व उन्माद-खिन्नतेचे आवर्तन यांतही अवधान ढळते. मुख्य भेद इतिहासात असतो : अवधानन्यूनता शाळेपासून सतत असते, चाळिशीत नव्याने सुरू झालेली विस्मृती ही वेगळी गोष्ट आहे. शक्य तर आई, वडील वा थोरल्या भावंडास विचारावे.

आधुनिक औषधांत मिथाइलफेनिडेट हे प्रमुख आहे. ते आपल्याकडे अनुसूची ‘एक्स’ मध्ये येते. त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत असावी लागते आणि एक प्रत विक्रेत्याने दोन वर्षे जपून ठेवावी लागते. आधुनिक औषधांचे दालन असलेल्या दुकानदारांनी हे कटाक्षाने पाळावे. हे औषध घेणाऱ्या रुग्णाला वैद्याने आपल्या अधिकारात ते बंद करण्यास सांगू नये. भूक मंदावणे, निद्रा कमी होणे, रक्तदाब व नाडीची गती वाढणे याकडे मात्र लक्ष ठेवावे आणि तज्ज्ञास कळवावे. आपण देत असलेली द्रव्येही त्यास लेखी कळवावीत.

चरकाने सांगितलेली मण्डूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने वैद्यांच्या नित्य व्यवहारात आहेत. प्रकृती व अग्नी पाहून त्यांचा अवलंब, तसेच अभ्यंग, शिरोभ्यंग आणि निद्रेची वेळ नियमित करणे, हे सहायक म्हणून करता येते. परंतु ‘या चूर्णाने अवधानन्यूनता बरी होते’ असे विधान प्रौढांच्या बाबतीत करण्याइतका पुरावा आज आपल्या हाती नाही. दुकानाच्या पाटीवर वा डबीवर तसे लिहू नये. ज्या रुग्णाने आधीच अनेक अपयशे पाहिली आहेत, त्याच्या पदरी खोट्या आशेचे आणखी एक अपयश घालणे हा अन्यायच होय.

सत्त्वावजय चिकित्सेस मात्र येथे मोठा वाव आहे. औषध चालू असूनही त्रास उरलेल्या ८६ प्रौढांवरील अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात कामांची आखणी, विचलित न होण्याच्या युक्त्या व विचारांची दुरुस्ती शिकवणाऱ्या मानसोपचाराने, केवळ शिथिलीकरण व माहिती देण्यापेक्षा अधिक लाभ झाला. अहित विषयांपासून मन आवरणे हा सत्त्वावजयाचा अर्थ आपण जाणतो. या रुग्णांत तो उपदेशाने साधत नाही, साधनांनी साधतो. एकच वही, ठरावीक जागा, घड्याळाचा गजर, मोठ्या कामाचे लहान तुकडे, आणि दर आठवड्याला ‘काय झाले, काय राहिले’ हे न रागावता विचारणारा माणूस. दर पंधरा दिवसांनी येणाऱ्या रुग्णासाठी असा माणूस होणे वैद्यास सहज शक्य आहे.

आपल्याच आंतरवासितांकडे व सहायकांकडेही या दृष्टीने पाहावे. रुग्णपत्रे अपुरी ठेवणारा विद्यार्थी पंचकर्म विभागात सर्वांत तत्पर असू शकतो. त्याच्या अपुऱ्या रुग्णपत्रांकडे दुर्लक्ष करावे असे नाही. ती पूर्ण करून घेण्याची रीत त्यास शिकवावी आणि त्याचे सामर्थ्य जेथे आहे तेथे त्यास अधिक काळ ठेवावे.

तात्पर्य असे की या व्यक्तींचा विकार आपण समूळ दूर करू शकलो नाही, तरी त्यांचे कर्मक्षेत्र बदलण्यास साहाय्य करू शकतो. रुग्णपत्रात ‘व्यवसाय’ या शब्दापुढे एक ओळ असते. तेथे केवळ ‘नोकरी’ असे लिहून पुढे जाण्याऐवजी कोणती, किती काळ, आधीची का सुटली आणि काय करताना वेळ कसा गेला ते कळत नाही, हे चार प्रश्न विचारावेत. त्यास पाच मिनिटे लागतात. संबंधितांनी आपल्या रुग्णांत व कर्मचाऱ्यांत याचा अनुभव घ्यावा आणि या पत्रिकेद्वारे इतरांस कळवावा, ही विनंती.